गुणपत्रिकेतले आत्मचिंतन

महाविद्यालयीन मुलांना मराठी लिहावयास शिकविण्याच्या उद्योगात माझे बहुतेक आयुष्य गेले असल्याकारणाने, ‘मोबाईलच्या जमान्यात मुलांना लिहिते कसे करावे’ या विषयावर सर्वांना कळेल असे चार शब्द लिहून द्यावेत, ही संपादकांची आज्ञा मी शिरोधार्य मानली खरी. परंतु मोबाईल हा लेखनाचा वैरी आहे, हे त्या प्रश्नात जे गृहीत धरलेले आहे, ते मला मुळातच कबूल नाही. आमच्या छत्रपती संभाजीनगरातले पालकही हीच तक्रार घेऊन येतात. ‘सर, मराठीच्या तासाला पोरं पाणचक्कीवर शूटिंग करत हिंडतात, मग निबंध कधी लिहिणार?’

तिथेच लिहितात, असे माझे उत्तर असते, आणि ते कुणालाही पटत नाही.

एका विद्यार्थिनीने पाणचक्कीवर छोटी चित्रफीत केली. तिच्या निवेदनाचा आरंभ ‘ऐतिहासिक वारशाने नटलेल्या आमच्या या पुण्यनगरीत’ असा होता. दूरवरून मातीच्या नळांतून येणारे पाणी भिंतीत वर चढते, तेथून हौदात कोसळते, त्याच्या जोरावर जाते फिरते आणि बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यातील फकीर-वाटसरूंसाठी येथे दळण होत असे, हा सारा मजकूर तिने भरला होता. संकलनास बसल्यावर अडचण उभी राहिली. पडद्यावर वरच्या पट्टीत चित्र आणि खालच्या पट्टीत आवाज असतो. तिची वाक्ये चित्राच्या पट्टीबाहेर लोंबू लागली, आणि धबधब्याच्या आवाजाने तिचा स्वर गिळून टाकला. जे डोळ्यांना दिसते ते पुन्हा सांगण्यात हशील नाही, हे व्याकरणाच्या कोणत्याही पुस्तकाने तिला शिकविले नसते. तिने विशेषणे कापली, थोडा वेळ नुसते पाणीच ऐकू दिले, आणि अखेरीस दोन वाक्ये ठेवली: ‘हे पाणी जमिनीखालून येते. येताना ते कुणाला दिसत नाही.’

माझ्या मते लेखन शिकविणे म्हणतात ते एवढेच.

परंतु कापले का, हे तिला स्वतःला उमगावे म्हणून प्रकल्पासोबत आत्मचिंतनाचे टिपण लिहून घेण्याचा माझा शिरस्ता आहे. पहिल्या खेपेस सर्वांप्रमाणे तिनेही ‘या प्रकल्पातून मला खूप काही शिकायला मिळाले’ असे लिहिले. कोणते वाक्य टाकताना जिवावर आले, एवढेच मी विचारले. तेव्हा तिने लिहिले की, ‘पुण्यनगरी’ हा शब्द दहावीच्या निबंधात गुण मिळवून देत असे म्हणून तो सुटत नव्हता. चित्रफीत करण्याचा मात्र तिला कंटाळाच आला होता.

आता माझा जुना वाद, अशा टिपणांना गुण द्यावेत की नाहीत हा. अमेरिकन तत्त्वज्ञ जॉन ड्यूई यांनी ‘हाऊ वी थिंक’ हा ग्रंथ 1910 साली लिहिला, आणि चिंतन म्हणजे आपल्या समजुतीचा आधार चिकाटीने तपासणे, अशा आशयाची मांडणी केली. त्याच ड्यूईंचे विद्यार्थी असलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या संस्थेने 1950 साली याच गावात महाविद्यालय सुरू केले, ज्याला पुढे मिलिंद हे नाव मिळाले; तेव्हा हा विचार आम्हांला अगदीच परका म्हणता येणार नाही. पण चिंतनासाठी स्वतंत्र रकाना आखून त्यापुढे गुण लिहिण्याची तजवीज झाली, की तपासणी थांबते आणि अर्जदाराची नम्र भाषा सुरू होते. सहकारी म्हणतात, गुण नसतील तर मुले टिपण लिहिणारच नाहीत. ते निम्मे खरे आहे. म्हणून निवेदनाच्या सगळ्या खर्ड्यांना गुण द्यावेत, आणि टिपण ही प्रकल्प दाखल करून घेण्याची केवळ अट ठेवावी, त्यावर लाल शाई मुळीच चालवू नये, असे मी बैठकीमागून बैठकीत सांगत आलो. इतिवृत्तात त्याची नोंद ‘चर्चा झाली’ एवढीच होते.

तिच्या टिपणावर बाहेरून आलेल्या परीक्षकाने ‘उपक्रमाचा लाभ स्पष्ट होत नाही’ असा शेरा मारून गुण कापले. ठरावीक वाक्याची टिपणे मात्र सुखरूप पार पडली. निकालानंतर ती खोलीत आली आणि पुढच्या सत्रात पहिलेच टिपण द्यावे काय, असे शांतपणे विचारू लागली. मी ‘नको’ म्हणालो. मात्र तिचा पुढचा प्रवेश त्याच गुणांवर ठरणार होता आणि माझी नोकरी त्यांवर मुळीच अवलंबून नव्हती, ही गोष्ट तिच्याही ध्यानात आली असावी. कारण ‘बरं सर’ म्हणताना तिने माझ्याकडे पाहिले नाही.