एक कलम, अनेक कुळे

बदनापूरच्या बाजूला एखाद्या बागाईतदारापाशी 'कलम' हा शब्द उच्चारला, तर तो मोसंबीच्या रोपवाटिकेकडे बोट दाखवील. तहसील कचेरीच्या आवारात बसलेला अर्जनवीस तोच शब्द ऐकून कायद्याचे पुस्तक उघडील. आणि निजामी अमदानीत उर्दू मदरशात शिकलेला एखादा वयोवृद्ध गृहस्थ खिशातील लेखणी काढून पुढे करील. तिघेही आपापल्या परीने बरोबर आहेत. परंतु शब्दांची कुळकथा शोधणे हाच ज्याचा व्यवसाय, त्याला विचारावे लागते की हा एकच शब्द तीन दारी गेला, की तीन निराळे शब्द एकाच उच्चारावर येऊन थांबले?

ध्वनिसाम्याचा मोह मोठा असतो. संस्कृतात 'कलम' आहे, पण त्याचा मुख्य अर्थ एका जातीचे भात. 'रघुवंशा'च्या चौथ्या सर्गात कालिदासाने वंगदेशीय राजांना उपटून पुन्हा लावलेल्या कलमभाताची उपमा दिली आहे. उपटणे आणि पुन्हा लावणे ही क्रिया बागेतल्या कलमाच्या इतकी जवळची भासते की व्युत्पत्ती हाती लागलीच असे वाटावे. तरीही हे नाते मला मान्य नाही. रोपाचे स्थलांतर वेगळे आणि एका झाडाचा अंश दुसऱ्यावर चढवणे वेगळे. तमिळमध्ये 'कलम्' म्हणजे भांडे, गलबत आणि धान्याचे एक मापही. त्याचा लेखणीशी काडीचा संबंध नाही. अरबी 'कलाम' म्हणजे वाणी, भाषण. त्यातला 'क' निराळा आणि लेखणीच्या शब्दातला कंठाच्या तळातून येणारा 'क' निराळा. देवनागरीने दोहोंना एकच अक्षर दिल्यामुळे आपल्या एका लोकप्रिय राष्ट्रपतींच्या नावाचा अर्थ पुष्कळांना लेखणी वाटतो, तो वस्तुतः वाणी आहे.

खरी वाट ग्रीकांकडून येते. त्यांच्या भाषेत 'कालामोस' म्हणजे बोरू, वेत. तो शब्द भाषाकुळाची सीमा ओलांडून अरबीत गेला, असे बहुतेक पंडित मानतात, आणि अरबीतून फारसीत व फारसीतून दख्खनच्या दफ्तरांत उतरला. अरबी कोशकारांना मात्र हा ऋणानुबंध मंजूर नव्हता. नखे कापणे, तासणे या अर्थाच्या आपल्याच धातूशी त्यांनी तो जोडला, आणि तासल्यावाचून बोरूला 'कलम' म्हणू नये असा दंडकही घातला. व्युत्पत्ती म्हणून त्यांचे मत कदाचित टिकणार नाही, पण अर्थाची किल्ली त्यांनीच हाती दिली असे मी म्हणेन. कारण बोरूच्या वाट्याला दोन गोष्टी येतात, एक चाकू आणि दुसरी शाई. मराठीतली सारी कलमे या दोहोंपैकी एकीच्या वंशातली आहेत.

चाकूच्या वंशात 'सर कलम करणे' येते, कानापुढे छाटलेल्या केसांची उर्दूतली 'कलमें' येतात, आणि बागही येते. फारसीत जोडकामाला 'पैवंद' म्हणत, 'कलमा' म्हणजे केवळ छाटून मातीत रोवलेली काडी. मराठीने मात्र छाट कलम, गुटी कलम, भेट कलम, पाचर कलम असा सगळा परिवार एका नावाखाली आणला. (गुटीत फांदी प्रथम कापतही नाहीत, नुसती साल काढतात; पण भाषा असल्या हरकती ऐकत नाही.) जालन्याची मोसंबी, जिचे नाव पूर्व आफ्रिकेतल्या मोझांबिकची आठवण वागवते, तीही अशीच वाढते: रंगपूर लिंबाच्या खुंटावर इंग्रजी टी अक्षरासारखी चीर पाडून त्यात ढालीच्या आकाराचा डोळा बसवतात.

शाईचा वंश दफ्तरी आहे. फारसी हिशेबात जिन्नस 'कलमां'नी मोजीत, दोन कलम, चार कलम. म्हणजे प्रत्येक नोंद हे लेखणीचे एक टेकणे. त्यातूनच कलमवार, कलमबंदी हे मराठी दफ्तरातले शब्द, कागदाच्या शेवटी येणारे 'बकलम' आणि अखेरीस कायद्याचे कलम निघाले. अकबराचा इतिहासकार अबुल फझल काही काळ जालन्यात राहिला होता असे जुनी गॅझेटियरे सांगतात; ते खरे असेल तर 'आईन-इ-अकबरी'त अक्षरलेखनावर इतक्या आस्थेने लिहिणाऱ्या माणसाची कलम या गावातही झिजली. पुढे मराठवाड्यातल्या कुळांना त्या शब्दाचा प्रताप कळला तो हैदराबाद कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम, १९५० मधल्या कलम ३८-ई मुळे, कारण संरक्षित कुळाला जमिनीची मालकी मिळण्याची तरतूद त्याच कलमात होती. राज्यघटनेच्या मराठी पाठात 'अनुच्छेद' छापलेले असूनही लोक 'कलम'च म्हणतात, यात नवल नाही.

म्हणून कोशकारांना माझी विनंती आहे की भाताचे संस्कृत 'कलम' आणि बोरूचे अरबी 'कलम' एका नोंदीत कोंबू नयेत. आणि दुसऱ्या नोंदीत प्रथम लेखणी, मग छाटणीचे अर्थ, मग दफ्तराचे, असा क्रम ठेवावा.