शेजारच्या गावाची सही

मेंढा-लेखाबद्दल मराठीत इतके लिहिले गेले आहे की गडचिरोली म्हटले की बाहेरचा माणूस हमखास तेच नाव घेतो. २००९ मध्ये या गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला, देशातल्या अगदी पहिल्या गावांपैकी हे एक. कौतुक रास्तच आहे. पण मी त्याच जिल्ह्यातल्या कोरची-कुरखेड्याच्या पट्ट्यात अशा वनहक्काच्या दाव्यांच्या कामात मदतनीस म्हणून वावरलो, आणि तिथे माझी पक्की समजूत झाली की एकटे गाव कितीही शहाणे असले तरी त्याला जंगल राखता येत नाही. शेजारचे गाव सोबत लागते.

माझे काम नकाशाचे. गावातली जाणती माणसे पुढे चालत, मागून आम्ही जीपीएसवर बिंदू घेत जायचो. नाल्याचे वळण, टेकडीची धार, देवाची जागा अशा खुणांनी त्यांची हद्द ठरलेली. नकाशाला निस्तारपत्रक, म्हणजे गावाच्या जंगलवापराची जुनी सरकारी नोंद, आणि म्हाताऱ्या माणसांचे जबाब जोडले की दावा ग्रामसभेपुढे आणि तिथून उपविभागीय समितीकडे. एका गावाची हद्द सुरळीत फिरून झाली. शेजारच्या गावाची माणसे मात्र नाला ओलांडून अलीकडे आली आणि तो पट्टाही आपलाच म्हणून दाखवू लागली. कागदावर दोन रेघा एकमेकींवरून गेल्या.

तिथे आधी भांडण नव्हतेच. दोन्ही गावांचे गोंड शेतकरी त्या पट्ट्यात तेंदूपत्ता तोडत, मोह वेचत, गुरे चारत. कागदाला एकच रेघ हवी होती, तंटा तिने लावला. अशा वेळी माझ्यासारख्यांना घाई असते. मोजून टाका, वरची समिती बघून घेईल, असे तोंडात येते. २००६ च्या वनहक्क कायद्याचे नियम त्याहून समजूतदार आहेत. पारंपरिक हद्दी एकमेकींत शिरत असतील तर दोन्हीकडच्या वनहक्क समित्यांनी एकत्र बसायचे, कोण काय वापरते ते पाहायचे आणि निष्कर्ष आपापल्या ग्रामसभेला लेखी द्यायचा. नाहीच जमले तर मग प्रकरण वर.

बैठक नाल्याजवळच झाली. बराच वेळ पुरुष बोलले, तेही आपापल्या आजोबांच्या काळातले. मग एक बाई उठल्या. "रेघ कुठंही मारा जी, कोणत्या मोहाखाली कोण झाडते ते आम्हाले माहीत आहे." आणि त्या एकेक झाड सांगत गेल्या: हे अमक्याच्या घरचे, ते थोरल्या सुनेकडे आलेले. पलीकडच्या बायकांनी एखाददुसऱ्या ठिकाणी दुरुस्ती सुचवली, बाकी सगळे मान्य. त्यांतल्या कितीजणींचे माहेर पलीकडच्याच गावातले निघाले.

मग ठरले. हद्द नाल्याने. मोह मात्र ज्या घराचे त्या घराकडेच, झाड नाल्याच्या कुठल्याही काठाला असो. देवाची पूजा दोघांची. मोहाखालचा पाला जाळायचा नाही, झाडून काढायचा, कारण उन्हाळ्यातला वणवा पुष्कळदा तिथूनच पसरतो. दोन्ही रजिस्टरांत तोच मजकूर लिहिला, सह्या आणि अंगठे झाले.

अशा बैठकांची सवय पुढे उपयोगी पडते. कोरची तालुक्यात सुमारे ९० ग्रामसभांनी मिळून महाग्रामसभा उभी केली. तिचा उपयोग तेंदूच्या हंगामात दिसतो. ठेकेदार एका गावाला भाव सांगतो, दुसऱ्याला दोन रुपये कमी आणि वर 'शेजारी तयार आहेत' असे ठोकून देतो. गावे एकत्र बसली की ही थाप चालत नाही.

लोहखनिजाच्या खाणींचा प्रश्न तर त्याहून मोठा. खाण डोंगरावर होते आणि डोंगर एका गावाचा नसतो. त्याचे ओढे पाच-सात शिवारांत उतरतात. एकाच गावाचा विरोधाचा ठराव असेल तर त्या गावाला समजावायला, दमात घ्यायला किंवा फोडायला माणसे येतात. म्हणून आमच्या बैठकांत ओडिशातल्या नियमगिरीचे नाव निघायचेच. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निकालानंतर तिथल्या १२ ग्रामसभांना विचारले गेले आणि बाराही ग्रामसभांनी बॉक्साइटच्या खाणीला नकार दिला. ती १२ गावे ओडिशा सरकारने निवडली होती, डोंगरावरच्या वस्त्या मात्र शंभराहून अधिक. तरी एकही फुटले नाही, याचे कारण तिथले डोंगरिया कोंध आपल्या डोंगराच्या देवाला, नियमराजाला, एका गावाचा देव मानत नाहीत.

सामूहिक हक्काचे पट्टे आता गडचिरोलीत शेकडो गावांकडे आहेत. पट्ट्यावर क्षेत्र येते, सर्व्हे नंबर येतो. शेजाऱ्याशी झालेला करार त्यात कुठेच येत नाही, तो ग्रामसभेच्या रजिस्टरातच राहतो. पालघर, नंदुरबार, मेळघाट, कुठेही तुम्ही दाव्याच्या कामात असाल तर एवढे करा: जीपीएस काढण्याआधी शेजारच्या गावाला निरोप धाडा, बैठकीला बायका आल्याशिवाय हद्दीचा विषय काढू नका, आणि ठरेल ते दोन्ही गावांच्या रजिस्टरांत लिहून घ्या.