मुकी चित्रे

चित्रपटाविषयी मत देण्यास कोणतीही पदवी लागत नाही, ही या कलेची मोठीच सोय आहे. गाण्यावर बोलावयाचे तर निदान एखाद्या रागाचे नाव ठाऊक असावे लागते, आणि कवितेवर बोलावयाचे तर चेहरा थोडा गंभीर करावा लागतो. चित्रपट मात्र संपतो न संपतो तोच रिक्षावाल्यापासून कुलगुरूंपर्यंत प्रत्येकाचे मत तयार असते आणि ते बहुधा सारख्याच किमतीचे असते. डहाणूच्या एका महाविद्यालयात इंग्रजी वाङ्मय शिकविण्यात माझे अर्धे आयुष्य गेले. तरीही माझे मत या सर्वसाधारण भावाहून अधिक दराने खपावे, असा माझा आग्रह नाही. तथापि अलीकडे पाहिलेल्या काही चित्रपटांनी, आणि त्याहूनही अधिक काही जुन्या व्यंगचित्रपटांनी, माझ्या मनात एक प्रश्न उभा केला आहे. तो वाचकांपुढे मांडावा, एवढाच या लेखाचा हेतू.

प्रथम दोन अलीकडच्या चित्रपटांविषयी. सुजय डहाके यांचा ‘श्यामची आई’ २०२३ साली आला. आचार्य अत्रे यांच्या १९५३ च्या ‘श्यामची आई’ने राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळविले होते. त्यानंतर त्याच कथेला पुन्हा हात घालणे हे धाडसच होय. नवा चित्रपट काळ्यापांढऱ्या रंगांत केला आहे, आणि मला तो जेथे जेथे आवडला तेथे तेथे कोणी बोलत नव्हते. दिव्याचा उजेड, ओला जिना, आईचा पाठमोरा आकार, एवढ्याने मन भरून येत असे. मग कोणी तरी त्या भरलेल्या मनास त्याचा अर्थ सांगू लागे! दुसरा चित्रपट २०२५ सालचा ‘महावतार नरसिंह’. आपल्याकडे पूर्ण लांबीचा चित्रांकित चित्रपट मोठ्या हौसेने निघाला, थोरामोठ्यांनी तो लहानांच्या बरोबरीने पाहिला, ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु खांब दुभंगण्यापूर्वी क्षणभर सारे नाद थांबले असते, तर तो खांब अधिक मोठ्याने कडाडला असता, असे मला वाटल्यावाचून राहिले नाही. माझी पत्नी म्हणाली, “अहो, दिवसभर वर्गात तुम्हीच बोलता, म्हणून पडद्याने गप्प बसावे असे तुम्हांला वाटते.” या टीकेत तथ्य किती हे वाचकांनी ठरवावे, मी ती नोंदवून पुढे जातो.

न बोलण्याचे सामर्थ्य पाहावयाचे तर टॉम आणि जेरी यांच्याकडे वळावे. विल्यम हॅना आणि जोसेफ बार्बेरा या जोडीने १९४० साली हे मांजर आणि हा उंदीर प्रथम पडद्यावर आणले. त्या पहिल्या पटात मांजराचे नाव जॅस्पर होते, हे त्याच्या आजच्या कीर्तीपुढे कोणास खरेही वाटणार नाही. पुढे या जोडीच्या पटांनी सात ऑस्कर पारितोषिके मिळविली. १९४७ च्या ‘द कॅट कॉन्सर्टो’मध्ये टॉम पियानोवर लिस्टची दुसरी हंगेरियन ऱ्हॅप्सडी वाजवितो आणि जेरी त्या पियानोच्या पोटात राहून त्याची त्रेधा उडवितो. त्या सात-आठ मिनिटांत संवाद असा नाहीच, आणि तरीही राग, मानापमान, सूड व शरणागती यांतील एकही भाव प्रेक्षकाच्या नजरेतून निसटत नाही.

हे पट आमच्या ओसरीवर उन्हाळ्याच्या सुट्टीत लागतात, तेव्हा मला पडद्यापेक्षा प्रेक्षकांकडे पाहण्यातच अधिक मौज वाटते. शेजारच्या चिकूच्या वाडीचे मालक इराणी आहेत. त्यांचा नातू गुजराती बोलतो. त्याच वाडीवर कामास असलेल्या जोडप्याची दोन मुले घरी वारली बोलतात. पुण्याहून आलेली माझ्या पुतणीची मुलगी शुद्ध मराठीत हट्ट धरते आणि इंग्रजीत रुसते. एरवी या चौघांत खेळाचे नियम ठरवितानाच निम्मी दुपार जाते, आणि ते नियम शेवटी ज्याची भाषा अधिक चालते त्याचेच ठरतात. टॉमच्या डोक्यावर तवा आदळला की मात्र चौघांचे हसू एकाच क्षणी फुटते. तेथे कोणी कोणास समजावून सांगत नाही. वाडीवरची मुले उशिरा हसली, इतरांकडे पाहून हसली, असे होत नाही. वर्गात मला हे दृश्य क्वचितच दिसते. शेक्सपिअरचा विनोद आमच्या वर्गात तीन हप्त्यांत पोहोचतो. पहिल्या बाकावर तो लगेच पोहोचतो, मधल्या बाकांवर भाषांतरानंतर, आणि तलासरीकडून पहाटेची एस.टी. पकडून आलेल्या मुलामुलींपर्यंत पोहोचेतो घंटा वाजते.

या हसण्याचे रहस्य काय? वॉर्नर बंधूंच्या कंपनीत चक जोन्स यांनी १९४९ साली निर्माण केलेला तो रोडरनरच्या मागे धावणारा कायोटी घ्या. कायोटी म्हणजे आपल्या कोल्ह्याचाच अमेरिकन भाऊबंद. तो कड्यावरून धावत पुढे जातो, खाली आधार नसतानाही हवेत चालतो, आणि पडतो केव्हा, तर खाली पाहिल्यावर! पडला तरी पुढच्या दृश्यात तो नवी यंत्रसामग्री घेऊन उभाच. टॉमवर इस्त्री पडते, तो पापडासारखा चपटा होतो, आणि दुसऱ्या क्षणी झटकून उठतो. या जगात वेदना आहे, पण तिची बाकी पुढे ओढली जात नाही. कालचे आज कोणी वसूल करीत नाही. लहान मुलांना हे जग इतके प्रिय का, हे मला येथे उमगते. ज्या जगात कोणाचे कोणाला काही देणे नाही, ते जग कोणाला आवडणार नाही?

आपल्याकडेही ही कला अगदी परकी नाही. दादासाहेब फाळके यांनी १९१५ च्या सुमारास ‘आगकाड्यांची मौज’ या छोट्या पटात काड्यापेटीतील काड्यांना चालते केले होते. त्यानंतर १९३० नंतरच्या दशकात प्रभात कंपनीने ‘जंबू काका’ हा व्यंगचित्रपट काढला. त्याचा नायक कोण, हे पंचतंत्र वाचलेल्यास नावावरूनच कळेल. परंतु आमच्या डहाणू तालुक्यापुरते बोलावयाचे तर चित्रांना चालते करण्याची कला येथे कॅमेऱ्याच्या कितीतरी आधीची आहे. लग्नघरी गेरूने सारवलेल्या भिंतीवर सुवासिनी तांदळाच्या पिठाने पालघट देवीचा चौक लिहितात. त्या चित्रातील माणूस म्हणजे टोकास टोक भिडविलेले दोन त्रिकोण, वर एक वाटोळे डोके आणि चार काड्या. पण ती कंबर इतकी बारीक असते की आकृती स्थिर उभी राहूच शकत नाही. तारपा वाजविणाऱ्याभोवती ती माणसे फेर धरतात, आणि पाहणाऱ्याचे डोळे त्या फेऱ्याबरोबर फिरू लागतात. फीत नाही, पडदा नाही, आणि तरी चित्र हलते.

ही कला भिंतीवरून कागदावर व कागदावरून जगभर नेणारे जिव्या सोमा म्हसे याच तालुक्यातील गंजाडचे. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. २०१८ च्या मे महिन्यात ते निवर्तले. त्यांच्या चरित्रातील एक गोष्ट मला फार हलविते. लहान वयात आई गेल्यावर या मुलाने बोलणेच सोडले. जे सांगावयाचे ते तो धुळीत चित्रे काढून सांगे. मुक्या चित्राची याहून मोठी कैफियत कोणती असणार? शब्द जेथे संपले तेथे बोट धुळीत फिरू लागले. तथापि हेही विसरता येत नाही की १९७० नंतरच्या दशकाच्या आरंभी भास्कर कुलकर्णी यांच्यासारखा मनुष्य या पाड्यांत आला, त्याने वाकून भिंती पाहिल्या, कागद पुढे केला, तेव्हा कोठे त्या बोटाचे बोलणे बाहेर ऐकू गेले. चित्र मुके असले तरी चालते. पाहणारा मात्र आंधळा असून चालत नाही.

आता माझ्या प्रश्नाकडे येतो. गेल्या वर्षी काही विद्यार्थ्यांना मी ‘फ्लो’ हा चित्रपट दाखविला. लाटव्हियाच्या गिंट्स झिल्बालोडिस यांचा हा २०२४ चा चित्रांकित पट. २०२५ साली त्याला ऑस्कर मिळाले. महापूर आला आहे, माणूस कोठेही नाही, आणि एक मांजर, एक कुत्रा, एक कॅपिबारा, एक लेमूर व एक लांबटांग्या पक्षी एका होडीत वाहत चालले आहेत. सबंध चित्रपटात एकही शब्द नाही. शेवटी पूर ओसरतो आणि होडीतले सोबती वाचतात. पण ज्या प्रचंड जलचराने मांजराला वाचविले होते, तो पाणी गेल्यामुळे रानात कोरड्यावर पडून असतो. चित्रपट संपल्यावर मी मते विचारली. पहिल्या बाकावरून उत्तर आले की शेवट सुखाचा आहे. मग मागून, वर्षभरात जिचा आवाज मी हजेरीखेरीज ऐकला नव्हता, अशी तलासरीकडची एक मुलगी उठली आणि म्हणाली, “सर, पाणी उतरले म्हणजे सगळे सुटले असे नाही. पाणी गेल्यावर त्या माशाचे काय?” निम्मे वाक्य तिने मराठीत सांगितले, निम्मे आपल्या बोलीत; आणि ते सर्वांना समजले. शेक्सपिअरच्या तासाला ती गप्प असे, कारण तेथे प्रश्न विचारण्यापूर्वी तिला दोन भाषांचे नाके ओलांडावे लागत. येथे नाके नव्हते. चित्र थेट तिच्यापाशी गेले आणि तिचा प्रश्न थेट बाहेर आला.

तर मग शब्दांचा धंदा करणाऱ्या माझ्यासारख्याने दुकान बंद करावे काय? मुकी चित्रे जर सर्वांना एका ओळीत बसवितात, तर भाषा हवी कशाला? या प्रश्नाचे उत्तर मला याच मुलखाच्या इतिहासात सापडते. १९४५ साली टॉम आणि जेरी यांचा ‘क्वाएट प्लीज’ हा पट निघाला आणि त्याला ऑस्करही मिळाले. नावाचा अर्थ ‘शांतता राखा’. एका कुत्र्याला झोपावयाचे असते, तो मांजरास दटावतो, आणि उंदीर नेमका गोंगाट करतो. त्याच १९४५ च्या मे महिन्यात तलासरीजवळच्या झरी गावी हजारो वारली जमले. शांतता राखणे हेच ज्यांचे पिढ्यान्‌पिढ्यांचे काम समजले जाई, त्यांनी वेठ करणार नाही असे मोठ्याने सांगितले. लग्नासाठी चार पैसे उचल घेतलेला मनुष्य ‘लग्नगडी’ म्हणून जन्मभर सावकाराच्या दारी राबत असे. टॉमचे घाव पुढच्या दृश्यात भरून येत. लग्नगड्याची बाकी मात्र रोज पुढे ओढली जाई. गोदावरी परुळेकर यांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात ती सारी हकीकत लिहिली आहे. ती बाकी कोणत्याही चित्राने फिटली नसती. त्यासाठी ‘नाही’ हा शब्द उच्चारावा लागला, आणि तोही आपल्या तोंडाने.

योगायोग असा की त्याच वर्षी ताराबाई मोडक यांनी बोर्डीस ग्रामबालशिक्षा केंद्र काढले. अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या, आणि १९५७ साली ते काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. गुरे चारणारी मुले शाळेत येऊ शकत नाहीत, तर शाळाच कुरणात न्यावी, असे त्यांनी ठरविले. महागडी साधने नसली तर दगड, बिया, पाने आहेतच. मुलाच्या हातात जे आधीच आहे तेथून आरंभ करावयाचा, आणि मग अक्षरापर्यंत यावयाचे, हा तो क्रम. मला वाटते, मुक्या चित्रांचे खरे स्थान या क्रमात आहे. ती शब्दाची जागा घेत नाहीत, ती शब्दास जागा करून देतात. ओसरीवरचे हसणे हे त्यांचे पहिले देणे. आणि ‘त्या माशाचे काय?’ हे दुसरे, अधिक मोलाचे.

म्हणून चित्रपटांविषयीचे माझे मत, त्याची किंमत काय असेल ती असो, एवढेच आहे. ज्या चित्रपटानंतर सर्वजण एकच वाक्य बोलतात त्यापेक्षा, ज्यानंतर एरवी न बोलणारा कोणी तरी एक बोलतो, तो चित्रपट मी मोठा मानतो. तो कोणी काढला, त्यास कोणते पारितोषिक मिळाले, त्यात मांजर आहे की देव आहे, हे प्रश्न नंतरचे. आणि असा कोणी बोलू लागला, तर आपण शिकल्यासवरल्या माणसांनी त्याच्या व्याकरणाकडे लक्ष देण्यापूर्वी त्याच्या प्रश्नाकडे द्यावे. व्याकरण मागाहून येतेच. प्रश्न एकदा परत गेला की पुन्हा येईलच, असा भरवसा कोणी देऊ शकत नाही.