दसऱ्याच्या आधी

परळी वैजनाथ
श्रावण

चि. वैशाली,


तुझी नेमणूक आपल्याच तालुक्यातल्या उपकेंद्रावर झाली, तुझ्या आईपेक्षा आनंद मलाच जास्त झाला असेल. परवा फोनवर तू म्हणालीस, गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरची तपासणी म्हटली की बायका दारातूनच माघारी फिरतात. फोनवर हे नीट बोलता येईना, म्हणून लिहायला बसले.

त्या का फिरतात ते आधी समजून घे. आपल्या भागात कॅन्सरची भीती कधीच पोचली, तपासणी तेवढी पोचली नाही. अंगावरून पांढरं जातं, ओटीपोटात दुखतं म्हणून बाई खासगी दवाखान्यात जायची. बहुतेक वेळा तो साधा जंतुसंसर्ग, गोळ्यांनी बरा होणारा. पण तिला सांगितलं जायचं, ‘गर्भपिशवी खराब झालीय, ठेवलीस तर कॅन्सर होईल.’ त्यात आपल्याकडच्या बायका ऊसतोडीला जाणाऱ्या. उसाच्या फडात पाळीच्या दिवसांत ना आडोसा ना पाणी, खाडा केला की पैसे कापणार, डोक्यावर मुकादमाची उचल. मग पिशवी काढून टाकलेली बरी, असं बायकाच एकमेकींना सांगायला लागल्या. २०१९ साली हे विधिमंडळात गाजलं, डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. जिल्ह्यातल्या ८२ हजारांवर ऊसतोड बायकांची पाहणी झाली आणि त्यांतल्या १३ हजार ८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. आता आपल्या जिल्ह्यात खासगी दवाखान्याला हे ऑपरेशन करायचं तर जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी लागते. ते चांगलंच झालं. पण ज्या भीतीपोटी बायका टेबलावर चढल्या, त्या भीतीला तपासणीचं उत्तर अजून मिळालेलं नाही.

नोकरीत असताना तांड्यावरची एक बाई माझ्याकडे आली होती, तिशीच्या आतली. तपासणी करू या म्हटलं तर हसून म्हणाली, ‘मला काय व्हायचंय आता सिस्टर, पिशवीच नाही.’ ऑपरेशनचा कागद मागितला, तो तिला कुणी दिलाच नव्हता. काही ऑपरेशनांत गर्भाशयाचं तोंड मागे राहतं, आणि हा कॅन्सर तिथेच होतो. तेव्हा ‘पिशवी काढली’ एवढं ऐकून नाव खोडू नकोस. कागद बघ, नसेल तर आत बघ.

हा रोग फार सावकाश चालतो. एचपीव्ही या विषाणूचा संसर्ग होऊन कॅन्सर व्हायला बहुधा पंधरा-वीस वर्षं जातात. एवढा अवधी मिळूनही आपल्या देशात वर्षाला ८० हजारांच्या आसपास बायका यात जातात, याचा मला संताप येतो. तिशी ते पन्नाशीतल्या शंभर बायकांत दोघींचीही कधी तपासणी झालेली नाही, असं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी सांगते.

उपाय काही लांबून आणायचा नाही, तो आपल्या शेजारीच सिद्ध झालाय. १९९९ पासून उस्मानाबाद जिल्ह्यात, म्हणजे आताच्या धाराशिवमध्ये, टाटा मेमोरियल आणि बार्शीच्या नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटलने मिळून ५२ गावगटांतल्या १ लाख ३१ हजार बायकांवर अभ्यास केला. एका गटाची एचपीव्ही चाचणी झाली, आयुष्यात एकदाच. आठ वर्षांत त्या गटात या कॅन्सरने ३४ जणी गेल्या. ज्या गटाला नेहमीच्या सोयींवरच ठेवलं होतं, तिथे ६४ गेल्या. त्यांना तपासणीविना का ठेवलं, यावर पुढे वाद झाला आणि तो व्हायलाच हवा होता. त्या ६४ जणी आपल्यासारख्याच गावांतल्या होत्या, उपकेंद्रावर बसताना हे विसरू नकोस.

तुझ्या हाती आज व्हिनेगरसारखं पातळ ॲसेटिक ॲसिड आहे. ते गर्भाशयाच्या तोंडाला लावल्यावर मिनिटभर थांब, घाई करू नकोस. निरोगी भाग गुलाबीच राहतो, बिघडलेला पांढराफटक उठतो, त्याची कड स्पष्ट दिसते. पाळी गेलेल्या बायकांत बिघाड होणारा भाग आत सरकतो, तिथे नुसत्या नजरेवर विसंबू नकोस. पॅप स्मिअरची अडचण वेगळी. नमुन्याची काच शहरात जाते, रिपोर्ट येईतो बाई ऊसतोडीच्या टोळीबरोबर सांगलीला नाहीतर कर्नाटकात. एचपीव्हीचा नमुना तर बाई पडद्याआड स्वतःचा स्वतः घेऊ शकते. ते किट आपल्याकडे यावं म्हणून तू प्रत्येक मीटिंगमध्ये तोंड उघड. डाग दिसला आणि तो जाळण्यासारखा असला, तर उपचार शक्यतो त्याच दिवशी व्हावा. थर्मल ॲब्लेशनला, म्हणजे डाग उष्णतेने जाळायला, भूल लागत नाही, काही मिनिटांचं काम. ‘पुढच्या मंगळवारी या’ म्हटलं की ती बाई गेलीच समज.

शंका वाटेल तिला नुसती चिठ्ठी देऊन अंबाजोगाईला पाठवू नकोस, आशाताईला सोबत दे. कॅन्सर निघालाच तर महात्मा फुले योजनेत उपचाराचा खर्च भागतो. पण रेडिएशनचा शेक घ्यायला आठवड्यांमागून आठवडे घराबाहेर राहायचं, तेव्हा बुडालेली मजुरी कोण देणार, शेळ्या आणि लेकरं कोण बघणार? हे तिच्या नवऱ्याशी, सासूशी तूच बोल. नऊ ते चौदा वर्षांच्या पोरींना लस द्या, हेही त्याच बैठकीत सांग. आपल्या पुण्याच्या सीरमने ती बनवली आहे.

आणि तारीख. साहेब जानेवारीत शिबिर घ्या म्हणतील, तेव्हा गावात म्हातारी माणसंच असतात. आता टोळ्या घरी आहेत, दसरा-दिवाळीला कोयते निघतील. शिबिर भादव्यात धर, महालक्ष्म्यांचे तीन दिवस सोडून. आशाताईंनी घरोघरी भरलेल्या सीबॅक फॉर्मांतून तिशीपुढच्या बायकांची यादी आत्ताच काढ. खोलीला आतून कडी बसव, पडदा जाड लाव, आणि त्या दिवशी पुरुष कर्मचाऱ्याला बाहेरचं काम दे. अंगावर घ्यायला चादरी कमी पडतील. माझ्याकडच्या धुऊन ठेवल्यात, रविवारी कुणाला तरी पाठव.

तुझी
मावशी