साजगावच्या जत्रेतला आवाज

परवा खोपोली लोकलमध्ये केळवलीला एक मावशी सुक्या बोंबलांची पाटी घेऊन चढल्या. डब्यातल्या लोकांनी नाकं मुरडली. मला मात्र प्रल्हाद शिंदे ऐकू यायला लागले.

साजगावच्या बोंबल्या विठोबाची जत्रा कार्तिकीला भरते. देवाला तुळस आणि बाजारात सुकी मासळी. यात आमच्याकडे कुणाला वावगं वाटत नाही. बांबूवर बांधलेल्या भोंग्यातून प्रल्हाद शिंदेंचा आवाज यायचा. रुंद, थोडा खरखरीत, वरच्या पट्टीतही न चिरकणारा. आजी बोंबलांचा भाव पाडता पाडता थबकायची, विठ्ठलाचं नाव आलं की मासळीच्याच हातांनी नमस्कार करायची आणि पुन्हा भावावर यायची. ते हात डोळ्यांपुढून जात नाहीत.

१९३३ साली जन्मलेला हा गायक २००४ मध्ये गेला. भक्तिगीतं, कव्वाल्या, भीमगीतं, सगळं त्याच गळ्यातून. आनंद, मिलिंद ही मुलं आणि नातू आदर्श यांना लोक चेहऱ्याने ओळखतात. प्रल्हादरावांचं गाणं पाठ असलेल्यांना विचारा, त्यांचा फोटो किती जणांनी पाहिलाय!

आमच्या चाळीत एक गृहस्थ होते. गणपतीत हा आवाज लागला की मान डोलवायचे. १४ एप्रिलला पलीकडच्या वस्तीतून हाच आवाज आला की ‘काय कर्कश’ म्हणत खिडकी लावून घ्यायचे. ते वारले, माझा राग काही गेला नाही.

अमेरिकेतली सिस्टर रोझेटा थार्प इथे मध्येच आठवते. गिटार घेऊन चर्चची गाणी म्हणायची, १९३८ पासून तिच्या तबकड्या निघाल्या. नाइटक्लबातही गायली म्हणून देवळातली, म्हणजे चर्चमधली, माणसं बिथरली. १९६४ मध्ये मँचेस्टरच्या एका बंद पडलेल्या स्टेशनावर टीव्हीसाठी गायली, तेही पावसाळी हवेत. १९७३ मध्ये ती गेली. कबरीवर कितीतरी वर्षं नावाचा दगडही नव्हता. तिला निदान तोंडावर बोलले. आमच्याकडे खिडकी लावतात.

आजीला गायकाचं नाव ठाऊक नव्हतं. ‘आपला भजनवाला’ म्हणायची. एकादशीचा तिचा कडक उपास, पण बोंबील त्याच दिवशी स्वस्त मिळतात म्हणून घ्यायचीच. मग ती जुडी माळ्याला टांगलेली, खाली मांजर ठाण मांडून, आणि आजी त्याला दटावतेय, ‘मेल्या, आज एकादशी आहे!’