बिनकमानीचे घर

घर विकायला काढले की पहिल्यांदा समजते, आपण ज्याला इतकी वर्षे घर म्हणत आलो तो बाजाराच्या लेखी एक प्लॉट असतो आणि त्या प्लॉटवर उभी असलेली एक अडचण असते. नाशिकच्या पुणे रस्त्याला, द्वारकेच्या पुढे असलेले अब्बांचे घर आम्ही चार भावंडांनी गेल्या वर्षी विकले. प्लॉट दोन हजार चारशे चौरस फुटांचा. त्यावर जेमतेम नऊशे फुटांचे बांधकाम. तीन खोल्या, स्वयंपाकघर, पुढे ओटा, मागे अंगण. पहिला दलाल आला तो फाटकातच थांबला. तिथूनच त्याने विचारले, "स्ट्रक्चर धरायचं की सोडायचं?" म्हणजे घराला काही किंमत लावायची की नुसत्या जमिनीचा भाव करायचा. आम्ही म्हणालो, धरायचं. तो हसला. त्या हसण्यापासून पुढे सात महिने हे प्रकरण चालले.

अब्बा पाटबंधारे खात्यात आरेखक होते. ट्रेसिंगच्या निळसर कापडावर धरणांचे आणि कालव्यांचे नकाशे उतरवण्यात त्यांची नोकरी गेली. साठच्या दशकातले नाशिक भराभर अंग टाकत होते. १९५९ साली 'मेरी' ही संशोधन संस्था आली, १९६४ मध्ये ओझरला मिग विमानांचा कारखाना आला, सातपूरला औद्योगिक वसाहत वसू लागली. नाशिकरोडचे नोटांचे आणि तिकिटांचे छापखाने तर इंग्रजांच्या काळापासूनचे. या ठिकाणी नोकरीला लागलेली माणसे वाड्यांतून, गल्ल्यांतून बाहेर पडून मोकळ्या जागी लहान लहान बंगल्या बांधू लागली होती. आमचे घराणे जुन्या नाशकातले, भद्रकालीच्या बाजूचे. शहराचे मोगलाईतले गुलशनाबाद हे नाव दादाजी अजून सहज बोलून जात. १९६९ च्या सप्टेंबरात गोदावरीला महापूर आला, आणि पाणी ओसरल्यावर अब्बांनी ठरवले, आता मोहल्ल्याबाहेर घर बांधायचे.

दादाजींना ते पटले नाही. शेजार कोणाचा असेल, रमजानात सहरीला कोण उठवील, बांग कुठून ऐकू येईल, असे त्यांचे प्रश्न. अब्बांनी एवढेच उत्तर दिले, "घड्याळ आहे ना!"

घर १९७१ साली पुरे झाले. सिमेंट तेव्हा परमिटवर मिळे. ज्या सिमेंटच्या वाटपावरून पुढे जानेवारी १९८२ मध्ये अंतुले साहेबांना मुख्यमंत्रिपद सोडावे लागले, आणि त्याच वर्षी फेब्रुवारीत जे अंशतः नियंत्रणमुक्त झाले, तेच हे सिमेंट. अब्बांनी ते गोणीगोणीने जमवले. म्हणून भिंतींत ते बेताने आणि स्लॅबमध्ये सढळ हाताने वापरले गेले. जोते काळ्या दगडाचे, भिंती विटांच्या, वर सपाट स्लॅब. दक्षिणेच्या खिडक्यांवर अडीच फुटांचा छज्जा, सलग, एका रेषेत ओढलेला. मे महिन्यात नाशकात सूर्य दुपारी जवळजवळ डोक्यावर असतो, तेव्हा हा छज्जा सगळे ऊन बाहेर ठेवी. डिसेंबरात सूर्य दक्षिणेला कलला की खिडकीच्या खालच्या भागातून ऊन आत येऊन फरशीवर पडे. पंखा आम्ही एप्रिलआधी लावल्याचे आठवत नाही. ओट्याच्या एका अंगाला सिमेंटची जाळी. जाळीचा साचा अब्बांनी स्वतः काढून सुताराकडून करून घेतला होता, आणि गवंड्याने एकेक ठोकळा अंगणातच ओतला होता. अम्मी त्या जाळीआड बसून भाजी निवडी. तिला रस्ता दिसे, रस्त्याला ती दिसत नसे. जुन्या हवेलीच्या दगडी जाळीचे काम इथे सिमेंटने केले होते.

अब्बांकडे पुस्तके फार नव्हती. पुण्याचे अभियंते आर. एस. देशपांडे यांचे १९३९ चे 'मॉडर्न आयडियल होम्स फॉर इंडिया' हे रद्दीत मिळालेले पुस्तक होते, आणि एका वहीत वर्तमानपत्रांची कात्रणे होती. त्यात चंदीगड होते, ते समजण्यासारखे होते. त्या काळी नकाशा काढणाऱ्या प्रत्येकाच्या मनात चंदीगड होते. पण एक कात्रण दिल्लीच्या जामा मशिदीसमोरच्या मौलाना आझादांच्या मजारीचे होते. ती वास्तू हबीब रहमान यांची. अमेरिकेत शिकून आलेल्या या वास्तुविशारदाने मजारीवर घुमट बांधला नाही. काँक्रीटचे एक पातळ, पांढरे, वळलेले छत्र उभे केले, चारही बाजूंनी उघडे. परंपरा विसरलेला माणूस असे करू शकत नाही, असे अब्बा म्हणत. आणि परंपरेला नुसता चिकटलेलाही करू शकत नाही, हे आम्ही आज त्यात घालतो.

गवंड्याने अब्बांना सुचवले होते, दारावर एक कमान टाकू आणि ओट्याच्या लोखंडी जाळीत चांदतारा बसवू. अब्बांनी नको म्हटले. घर बघून आत कोण राहते हे कळायला नको, आत आल्यावर कळेलच, असे त्यांचे म्हणणे. शेजारच्या प्रेसवाल्यांच्या घरावरही तेव्हा काही चिन्ह नव्हते. पलीकडे ओझरच्या कारखान्यातले, त्यापलीकडे शाळामास्तर. सगळ्यांच्या घरांना तसाच छज्जा, तशीच जाळी, तसाच सपाट माथा. रस्त्यावरून जाणाऱ्याला कोणते घर कोणाचे ते सांगता आले नसते. त्या ओळीचा अर्थ आम्हांला ती मोडू लागल्यावर कळला.

अब्बा आधी गेले, चार वर्षांनी अम्मी गेली. आमच्यातला एक नाशकात, एक पुण्याला, दोघी बहिणींपैकी एक भिवंडीत आणि मोठी आपा मालेगावला. घर दोन वर्षे बंद राहिले आणि बंद घराची जी दशा होते ती झाली. विकण्याआधी दुरुस्त करू, असे ठरले. ठेकेदार आले. एकाने अॅल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या, फरशीवर व्हिट्रिफाइड टाइल्स, वर जिप्समचे खोटे छत आणि दर्शनी भागाला चकचकीत पत्रे असा हिशेब दिला. सगळ्यात आधी जाळी फोडू, म्हणाला, "ती गरिबीची दिसते."

शेवटी वडाळ्याकडचा एक म्हातारा मिस्त्री मिळाला. त्याने काही न बोलता हातोडी घेतली आणि स्लॅबचा खालचा पृष्ठभाग ठोकत फिरला. जिथे खणखणीत आवाज आला तिथे पुढे गेला, जिथे बद्द आवाज आला तिथे खडूने गोल केला. दीड खोलीत गोलच गोल. गच्चीवरचा विटांच्या तुकड्यांचा कोबा फुटून पाणी मुरले होते, सळया गंजल्या होत्या. गंजलेले लोखंड मूळच्या कितीतरी पट जागा मागते. ती मिळाली नाही की आतून काँक्रीट ढकलून देते. मिस्त्रीने सुटे झालेले सगळे पाडले, सळया तारेच्या ब्रशने घासून पांढऱ्या केल्या, त्यांना गंजरोधक लेप दिला, मग पॉलिमर मिसळलेला मसाला थरांथरांनी भरला. घाई केली तर खालचा थर वरचा धरत नाही, हे त्याने आमच्याकडून दोनदा वदवून घेतले. गच्चीवर नवा कोबा घातला आणि सात दिवस पाणी कोंडून ठेवले. खाली एक थेंब आला नाही.

मोझॅकच्या फरशीवर दोन दिवस पॉलिशचे यंत्र फिरले. राखाडी चिखल वाहून गेला आणि आत हिरवे, काळे, पांढरे दगडी कण वर आले. आपा त्या वेळी आली होती. ती चपला काढून त्या फरशीवर उभी राहिली आणि बराच वेळ काही बोलली नाही. जाळीचे अकरा ठोकळे फुटले होते. अब्बांचा साचा माळ्यावर मिळाला, पण वाळवीने खाल्लेला. त्याच्या मापाने नवा करून घेतला. एकूण खर्च साडेसहा लाख झाला.

मग गिऱ्हाइके आली. एका कुटुंबाने होकायंत्र धरून स्वयंपाकघराची दिशा पाहिली, मान हलवली आणि चहा न घेता गेले. दुसरे आमच्याच समाजातले; त्यांना घर आवडले, पण "पुढं दोन कमानी काढून घ्या, आपलं घर वाटत नाही" असे म्हणाले. एका दलालाने सुचवले की दारावरची नावाची पाटी विक्री होईपर्यंत उतरवून ठेवा, चौकशा वाढतील. वर समजूत घातली, "मनाला लावून घेऊ नका, मार्केटच तसं आहे." अब्बांनी घराला ओळख न देण्यात जे शोधले होते, तेच आता घराचे वैगुण्य ठरत होते. ज्याला त्याला भिंतीवर आपले काहीतरी लिहिलेले हवे होते.

मोठ्या वास्तूंचेही वेगळे नाही. चंदीगडच्या कॅपिटॉल संकुलाला २०१६ मध्ये आणि मुंबईच्या आर्ट डेको इमारतींना २०१८ मध्ये युनेस्कोने जागतिक वारशात घेतले, ते चांगलेच झाले. पण दिल्लीच्या प्रगती मैदानातला हॉल ऑफ नेशन्स, राज रेवाल यांनी १९७२ साली उभारलेला, २०१७ च्या एप्रिलमध्ये एका रात्रीत भुईसपाट झाला. ही घरे आणि इमारती अशा वयात सापडल्या आहेत की नव्या म्हणून कोणी घेत नाही आणि जुन्या म्हणून कोणी जपत नाही. त्यात २०२० च्या एकात्मिक नियमावलीने वाढीव चटईक्षेत्राची वाट मोकळी केली. नऊशे फुटांचे घर म्हणजे त्या हिशेबात वाया गेलेली जमीन.

अखेर दोन भाव समोर राहिले. एका बिल्डरचा एक कोटी तीस लाखांचा. तो घर पाडणार हे उघड होते. आणि एका शिक्षक जोडप्याचा एक कोटी अठरा लाखांचा. त्यांना राहायचे होते. त्या बाईंनी जाळीला हात लावून विचारले होते, हा ठोकळा आता कुठे मिळतो. त्यांचे आडनाव आम्ही इथे लिहीत नाही. लिहिले की वाचक लगेच एक खूण करून मोकळा होईल, आणि या लेखात तेच टाळायचे आहे.

आम्हां भावांचा कल शिक्षकांकडे होता. चौघे ओट्यावर बसलो. शरियतप्रमाणे वाटे सरळ होते: सहा भाग, भावांना दोन-दोन, बहिणींना एक-एक. पुष्कळ घरांत तो एक भागही बहीण हक्कसोडपत्रावर सही करून माहेरावर ओवाळून टाकते, आणि मग तिच्या मनाच्या मोठेपणाचे कौतुक होते. आपाचे मियाँ जाऊन तीन वर्षे झालेली, मुलगा शिकतो आहे. तिने कागदावर आकडे मांडले. एक कोटी तीसच्या भावाने तिचा वाटा एकवीस लाख सहासष्ट हजारांच्या वर जात होता, एक कोटी अठराने एकोणीस लाख सहासष्ट. "म्हणजे अब्बांचं घर उभं राहावं म्हणून मी दोन लाख द्यायचे," ती म्हणाली. "घर मलाबी प्यारं आहे. पण शौक तुमारा, तो खर्चा बी तुमारा."

यावर काय बोलणार? वारसा जपण्याच्या गोष्टी करणाऱ्यांनी हा प्रश्न स्वतःला विचारलाच पाहिजे, की त्याची किंमत नेमकी कोणाच्या वाट्यातून जाते. बहुधा ती ज्याचा वाटा आधीच लहान त्याच्याच वाट्यातून जाते. आम्ही हिशेब असा केला: दोघी बहिणींना बिल्डरच्या भावाने पूर्ण वाटा, उरलेले भावांचे. बारा लाखांचा फरक भावांनी सहा-सहा लाख उचलला. दुरुस्तीचा खर्चही त्यांच्याच नावावर. खरेदीखत झाले, चौघांच्या सह्या झाल्या, आणि हक्कसोडपत्र कोणालाच लिहून द्यावे लागले नाही. अब्बांच्या हातचा ट्रेसिंगच्या कापडावरचा नकाशा आणि जाळीचा नवा साचा आम्ही किल्ल्यांबरोबर त्या जोडप्याला दिला. साच्याची पावती आम्ही ठेवली, कारण आपा म्हणाली, सुताराचा पत्ता असू द्या.

आमच्यातला जो नाशकात राहतो, त्याचे मालकीचे घर आता नाही. तो त्याच भागात, त्याच ओळीच्या आसपास एक फ्लॅट शोधतो आहे. पैसे आहेत, पगाराची पत्रे आहेत. फोन केला की समोरचे चांगले बोलतात, मजला सांगतात, पार्किंग सांगतात. मग नाव विचारतात. नाव सांगितल्यावर, घरात विचारून कळवतो, म्हणतात. मोहल्ल्यात दोन फ्लॅट तयार आहेत; तिथे कोणी नाव विचारत नाही, उलट या म्हणतात. तो अजून तिकडे गेलेला नाही. अब्बांच्या १९७० च्या जागेच्या खरेदीखताची प्रत त्याच्याजवळ आहे. त्यात चतुःसीमा लिहिल्या आहेत: पूर्वेस रस्ता, पश्चिमेस विहीर, दक्षिणेस व उत्तरेस शेजाऱ्यांचे प्लॉट. एवढेच.