डॉलरची डागडुजी

जुनं म्हणजे काय, हे महालात राहणाऱ्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. इथे ज्याला ‘नवीन घर’ म्हणतात ते निदान सत्तर वर्षांचं असतं, आणि ज्याला ‘जुनं घर’ म्हणतात ते थेट भोसल्यांच्या काळातलं. कोणत्या भोसल्यांच्या, ते घरातल्या सर्वांत वृद्ध माणसाच्या स्मरणशक्तीवर अवलंबून! अशा घरांच्या बाबतीत जगात दोनच पक्ष आहेत. एक म्हणतो ‘पाडा’, दुसरा म्हणतो ‘राहू द्या’. दोन्ही पक्ष बहुधा एकाच ओट्यावर बसून एकाच कपातला चहा बशीत ओतून पीत असतात.

तिसरा मार्ग रस्त्यानं दाखवला. केळीबाग रस्त्याच्या रुंदीकरणात कित्येक घरांचा पुढचा भाग गेला. मग उरलेल्या घराला लोकांनी नवा चेहरा बसवला. समोरून पाहाल तर काच, शटर आणि चमचमती पाटी. आत चार पावलं गेलात की तीच सागवानी तुळई, तोच अंधारा जिना, आणि जिन्यात डोकं आपटण्याची तीच परंपरागत जागा.

“याला आमच्या धंद्यात फ्रंट एंड म्हणतात, काका,” पुतण्या म्हणाला. “मागचा हिशोब तोच, लोकांना दिसते तो दर्शनी भाग नवा करायचा.”

हा पुतण्या कॉम्प्युटरवाला आहे. त्याची कंपनी परसोडीच्या आयटी पार्कात, पण आठवड्यातले तीन दिवस ती आमच्या माजघरात भरते. गेल्या वर्षी त्याच्याकडे महालातल्याच एका पतसंस्थेचं काम आलं. संस्थेचं वेब ॲप २०११ साली एका हुशार पोरानं एकट्यानं लिहून दिलेलं. पोरगा पुढे परदेशी गेला. ॲप इथेच राहिलं. आता ते मोबाइलवर उघडलं की अर्धं पडद्याबाहेर जायचं, आणि एका कोपऱ्यात दुरुस्ती केली की दुसऱ्या कोपऱ्यात गळायचं. ते ‘आधुनिक’ करून द्यायचं होतं.

पहिल्या दिवशी मी त्याच्या खांद्यावरून डोकावलो तर ओळीओळीला डॉलरचं चिन्ह! मला भरून आलं. घराण्यात प्रथमच कोणीतरी डॉलरमध्ये कमावतंय, असं मी सौ.ला सांगूनही टाकणार होतो. पण तो डॉलर म्हणजे जेक्वेरीची खूण. जॉन रेसिग नावाच्या माणसानं २००६ साली जेक्वेरी काढली. त्या काळी एकच गोष्ट प्रत्येक ब्राउझरला वेगळ्या भाषेत सांगावी लागे. जेक्वेरी मध्ये बसून सगळ्यांची समजूत काढी. एकत्र कुटुंबात मोठ्या काकू करतात तेच काम. पुढे ब्राउझरच बरेचसे शहाणे झाले, पण काकू काही घरोघरून हलल्या नाहीत.

“काका, हे पाहून डोकं दुखून राहिलं माझं,” पुतण्या म्हणाला. “कोणत्या माणसानं लिहिलं असंल हो?”

दुसऱ्याच्या कोडाचं कोडकौतुक करणारा माणूस अजून जन्माला यायचा आहे, हे एव्हाना मला कळलं होतं. पण त्याची तक्रार खोटी नव्हती. त्या ॲपमधली निम्मी नावं सामाईक होती. म्हणजे वाड्याच्या चौकातला एक नळ आणि बारा बिऱ्हाडं. पाणी कुणीही भरावं, तोटी कुणीही उघडी टाकावी, आणि टाकी रिकामी झाली की प्रत्येकानं दुसऱ्याच्या दाराकडे पाहावं. जावास्क्रिप्टमध्ये २०१५ साली प्रत्येक बिऱ्हाडाला स्वतंत्र नळ देण्याची रीतसर सोय झाली. हा वाडा त्याआधीचा.

शिवाय ठिकठिकाणी इंटरनेट एक्सप्लोररसाठी वेगळी व्यवस्था केलेली. मायक्रोसॉफ्टनं १५ जून २०२२ ला त्याची सेवा थांबवली. तरी या ॲपमध्ये दर पानावर त्याचं पान वाढलेलं होतं. पितृपक्षात वाढतात तसं. पितरांना निदान वर्षातून एकदाच वाढतात!

खुद्द जावास्क्रिप्टचा जन्मही घाईचाच. १९९५ च्या मे महिन्यात नेटस्केप कंपनीतल्या ब्रेंडन आइक यांनी तिचा पहिला नमुना दहा दिवसांत उभा केला. आधी नाव ‘मोचा’, मग ‘लाइव्हस्क्रिप्ट’, आणि डिसेंबरात ‘जावास्क्रिप्ट’. कारण त्या वर्षी ‘जावा’ नावाच्या दुसऱ्या भाषेचा बोलबाला होता. दोघींचं रक्ताचं नातं काही नाही. नागपूरकरांना हे चटकन कळेल. ज्यांचा सावजींशी सुतराम संबंध नाही अशी हॉटेलंही पाटीवर ‘सावजी’ लिहितात. खपतं!

तर पुतण्याच्या साहेबांचा पक्ष ‘पाडा’ हा होता. सगळं फेकून तीन महिन्यांत नवं कोरं बांधायचं. त्यासाठी नवी चौकट कोणती घ्यावी, यावर आमच्या माजघरात फोनवरून ज्या चर्चा चालत त्या ऐकून शेजारच्या काकूंना वाटलं, पोराला स्थळं पाहताहेत. तशी ती स्थळंच म्हणायची. अँग्युलर नावाचं एक गूगलच्या घरचं, २०१० चं, खानदानी. पण २०१६ साली त्याच नावाचा नवा मुलगा पुढे केला, ज्याचं थोरल्याशी काही जुळेना, आणि ३१ डिसेंबर २०२१ ला थोरल्याची सेवाच बंद झाली. ज्यांनी थोरल्याला मुली दिल्या होत्या त्यांनी काय करावं? रिअॅक्ट हे २०१३ साली फेसबुकनं जगापुढे आणलेलं. सध्या त्याची चलती आहे. पण चलती तर थोरल्याचीही होती.

पुतण्याचं म्हणणं, पाडू नका. त्यानं साहेबांना नेटस्केपचाच दाखला दिला. त्यांनी जुनं कोड टाकून पायापासून लिहायला घेतलं. ब्राउझरची चौथी आवृत्ती १९९७ ची. पाचवी बाजारात आलीच नाही. सहावी उगवली २००० च्या नोव्हेंबरात. मधल्या तीन वर्षांत गिऱ्हाईक मायक्रोसॉफ्टच्या दुकानात जाऊन बसलं. त्याच पडझडीतून पुढे फायरफॉक्स उभा राहिला हे खरं, पण तोवर भाडेकरू दुसरीकडे राहायला गेले होते.

“मग करायचं कसं?” साहेबांनी विचारलं.

“भिंतीतल्या पिंपळासारखं,” पुतण्या म्हणाला.

ही उपमा त्यानं आमच्या परसातल्या भिंतीकडे पाहून दिली असावी असं मला वाटलं. पण मार्टिन फाउलर नावाच्या साहेबानं २००४ सालीच ती लिहून ठेवली आहे. तिकडे त्यानं पाहिलं ते झाड पिंपळाच्याच गोतातलं. ते दुसऱ्या झाडावर रुजतं, हळूहळू त्याला वेढतं, आणि मूळ झाड संपलं तरी याचा आकार उभा. तसं जुन्या ॲपचं एकेक पान नवं करायचं, जुन्यावर कारभार चालू ठेवायचा, आणि शेवटचं पान बदललं की जुनं आपोआप निवृत्त.

याच फाउलर साहेबांचं १९९९ चं एक पुस्तक आहे, ‘रिफॅक्टरिंग’. हा शब्द पुतण्या दिवसातून चाळीस वेळा उच्चारतो. त्याचा अर्थ मी सौ.ला विचारला (म्हणजे पुतण्यानं तिला सांगितलेला). ती म्हणाली, “गादी पिंजून घेणं.” याहून सोपी व्याख्या मला तरी सुचणार नाही. कापूस तोच, खोळ तीच, लांबी-रुंदी तीच. पिंजारी येतो, आतल्या गाठी सोडवतो, पुन्हा भरून टाके घालतो. बाहेरून काहीही बदलत नाही. झोपणाऱ्याची पाठ तेवढी दुखायची थांबते.

अडचण एवढीच, की पतसंस्थेच्या संचालक मंडळाला पाठ नसते. मंडळाला डोळे असतात. दोन महिन्यांनी त्यांनी पडदा पाहिला आणि विचारलं, “यात बदललं काय? पैसे कायचे देऊन राहिलो आपण?” साहेबांनी पुतण्याला बोलावून सांगितलं, की महिनाअखेर मंडळाचं समाधान झालं नाही तर हे काम जाईल, आणि कामाबरोबर आणखी काय जाईल ते त्याचं त्यानं समजून घ्यावं. त्या रात्री तो जेवायला बसला आणि वरणभातावर तूप नाही हे त्याला कळलंही नाही. आमच्या घरात याला गंभीर प्रसंग म्हणतात.

त्यातच त्याला ते तीन सेकंद सापडले.

पैसे काढायच्या पानावर बटण दाबलं की ते तीन सेकंद मुकं होई. का, कोण जाणे. बाजूला फक्त एक ओळ: ‘हे काढू नये.’ कारण नाही, तारीख नाही. वाड्यातल्या भिंतीला एखादा भलामोठा खिळा असावा आणि त्यावर काहीच टांगलेलं नसावं, तसं. वेग वाढवायचा तर हेच आधी काढावं, असं साहेबांचं मत पडलं.

मी म्हटलं, “अरे, कोड वाचून कळत नसेल तर माणूस वाच. एक दिवस काउंटरवर जाऊन बस.”

तो बसला. तिथले लेखनिक निवृत्तीच्या उंबरठ्यावरचे. पहिल्या संगणक प्रशिक्षणात त्यांना कोणीतरी ‘डबल क्लिक करा’ असं शिकवलं होतं, ते त्यांनी व्रतासारखं पाळलं. ते प्रत्येक गोष्टीवर दोनदा क्लिक करतात. लिफ्टचं बटणही दोनदा दाबतात. समोर एक भाजीवाल्या मावशी पाचशे रुपये काढायला उभ्या. गृहस्थांनी बटणावर टक-टक केलं. पहिली टक लागू पडली, दुसरी त्या मुक्या तीन सेकंदांत विरघळली. ते तीन सेकंद नसते तर मावशींच्या हातात पाचशे आणि पासबुकातून हजार! आणि हिशोब चुकला हे सिद्ध करायला त्यांनी कोणत्या दारात उभं राहायचं होतं?

पुतण्या संध्याकाळी घरी आला तो गप्पच. रात्री म्हणाला, “काका, तो पोरगा वेडा नव्हता हो.”

मग त्यानं काम उलट्या टोकानं धरलं. शिंप्याकडे नवा सदरा शिवायला टाकताना आपण मापाला जुना सदरा देतो. तसं जुनं ॲप कुठे काय करतं, बरोबर असो की विचित्र, याच्या चाचण्या आधी लिहून काढल्या. नवं पान त्या मापाला उतरलं तरच पुढे जायचं. तीन सेकंदही जसेच्या तसे ठेवले नाहीत; नेट मंद असलं तर तीन सेकंदांनंतरही घोटाळा होऊ शकतो, हे त्याच्या ध्यानात आलं. आता मागून उत्तर येईपर्यंत बटण मुकं राहतं, आणि प्रत्येक व्यवहाराला स्वतंत्र क्रमांक मिळतो. तोच क्रमांक दुसऱ्यांदा आला की मागचा हिशोबनीस त्याला दारातूनच परत पाठवतो.

नावांचंही तेच. त्यानं वेडीवाकडी नावं बदलली, पण जुन्या नावानं हाक मारली तरी ‘ओ’ येईल अशी सोय ठेवली. आमच्याकडे शुक्रवारी तलाव, जुम्मा तलाव आणि गांधीसागर अशी नावं तीन, पाणी एक. कोणत्याही नावानं रिक्षा करा, पोचाल तिथेच. हा शहाणपणा खुद्द जावास्क्रिप्टलाही पाळावा लागला. २०१८ साली भाषेत ‘फ्लॅटन’ नावाचं नवं काम घालायचं ठरत होतं. पण मूटूल्स नावाच्या जुन्या संचानं ते नाव आधीच अडवलेलं. नवं आणलं तर त्यावर चालणाऱ्या जुन्या साइट मोडल्या असत्या. शेवटी जगभरच्या विद्वानांनी माघार घेतली आणि २०१९ च्या आवृत्तीत नवं नाव आलं ‘फ्लॅट’. पागडीचा भाडेकरू हलत नाही तो नाहीच, नवी खोली त्याला वळसा घालून बांधायची.

महिनाअखेरीस मंडळाची बैठक झाली. पुतण्यानं चाचण्यांचे आकडे दाखवले, गादीची उपमा दिली, तीन सेकंदांची कथा सांगितली. मंडळानं शांतपणे ऐकलं. कोणाच्याही चेहऱ्यावर काही उमटलं नाही. मग अध्यक्षांचं लक्ष पडद्याकडे गेलं.

“हे बटण आधी राखाडी होतं ना?”

“हो.”

“आता संत्र्याच्या रंगाचं केलं?”

“हो. नीट दिसावं म्हणून.”

“आता कसं आधुनिक वाटून राहिलं!” अध्यक्ष म्हणाले, आणि बिल मंजूर झालं.

नऊ महिन्यांच्या कामातलं ते बटण रंगवायला पुतण्याला दोन मिनिटं लागली होती. पण त्यानं ते मनाला लावून घेतलं नाही. त्यांच्या धंद्यात प्रत्येक ओळ कोणी लिहिली ते शोधून देणारी एक आज्ञा आहे आणि तिचं नावच ‘ब्लेम’, म्हणजे ‘दोष द्या’. आणखी पंधरा वर्षांनी कोणीतरी पोरगा ती आज्ञा देईल, तेव्हा या पानांवर आमच्या पुतण्याचं नाव निघेल आणि ‘कोणत्या माणसानं लिहिलं असंल हो?’ असं तो आपल्या काकाला विचारेल. त्या पोरासाठी यानं बटणाच्या शेजारी ‘हे काढू नये’ एवढंच लिहिलेलं नाही. पुढे कारणही लिहिलं आहे: ‘काउंटरवर दोनदा क्लिक होते. भाजीवाल्या मावशींचे पाचशे रुपये जातील.’

सबंध ॲपमधली मला संपूर्ण कळलेली ती एकच ओळ. तीत डॉलर नाही.